घडव्याचा डावा कौल

आमच्या देवानं जगातली पहिली गोष्ट केली ती म्हणजे लाथ मारली. त्याआधी काही नव्हतं. जांभ्या दगडाचा एकच एक चिरा होता, आभाळाएवढा, आणि त्याच्या पोटात घडव्या उकिडवा बसला होता. बसून बसून त्याच्या पायाला मुंग्या आल्या, त्याचं डोकं फिरलं आणि त्यानं आतून लाथ घातली. चिरा फुटला, त्याचा गुडघाही फुटला, आणि त्या गुडघ्याचं रक्त सगळीकडे उडालं म्हणून आमच्याकडची माती लाल आहे.

हे सगळं माझ्या भावानं रचलेलं. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि मी अकराची. रत्नागिरीहून एसटीनं तासभर आत आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे उघडा सपाट खडकाळ माळ. तिथं गुरं सोडून आम्ही बसायचो आणि तो मला घडव्याच्या घरातलं सांगायचा. गोष्ट ऐकताना मध्ये बोललेलं त्याला खपत नसे. आणि मला गप्प राहवत नसे. आमची त्यावरून रोज भांडणं व्हायची.

घडव्याच्या बायकोचं नाव ओली. ती त्यानं स्वतःच्या घामातून केली आणि केल्याबरोबर तिला काम सांगितलं. तो जग घडवायचा, घडवलेलं वाकडं निघायचं, आणि मग तो ते फोडायचा आणि ओलीलाही फोडायचा. म्हणून ती निघून गेली आणि समुद्र झाली. "आरे-वारेला उभी राहून बघ," भाऊ म्हणायचा. "दिवसातनं दोनदा ती जाते नि दोनदा तो केसांना धरून तिला परत आनतो." शाळेत भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा गुरुजींनी चंद्राचं कारण सांगितलं. मला ते फारच पुचाट वाटलं.

त्यांना तीन मुलं होती. थोरला कातळ. तो उभा राहायला शिकण्याआधीच बापानं त्याला लाथ घातली आणि तो जो आडवा पडला तो उठलाच नाही. आम्ही बसायचो तो सडा म्हणजे तोच. भाऊ तिथं कधी चपला घालून चालला नाही आणि मलाही चालू दिलं नाही. मधला वणवा. तो बापाच्या हाताला चावला, म्हणून दर फाल्गुनात सड्यावरचं गवत पेटतं आणि बाप ते पायानं चिरडून विझवतो. धाकटी झर. तिला बाप कधी मारत नसे. बापानं ओलीवर हात उगारला की झर खडकातून बाहेर यायची, त्याच्या पायावर पाणी ओतायची आणि म्हणायची, "पुरे." की त्याचा हात खाली यायचा.

झर कोण हे कुणाला मला सांगावं लागलं नाही.

आमचा बाबा चिरेखाणीत चिरे काढायचा. मशिनं तेव्हा आली नव्हती. टिकाव आणि पहार यांवर सगळं काम, आणि बाबाच्या हातचा चिरा असा गुण्यात असायचा, म्हणजे चारी कोपरे असे काटकोनात, की गवंडी त्याचे चिरे वेगळे मागून न्यायचे. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा पापण्यांपर्यंत लाल असायचा. पण जांभ्याचा भरवसा नसतो. वरून अखंड दिसतो, आत मातीची पोकळी निघते आणि दिवसभर खपून काढलेला चिरा शेवटच्या घावाला दोन तुकडे होतो. ज्या दिवशी चिरे फुटायचे त्या दिवशी आमची आये फुटायची. इतकं सरळ गणित होतं ते. तो दारात आला की त्याच्या पावलांवरून आम्हाला कळायचं, आणि भाऊ मला हाताला धरून परसातून वर सड्यावर न्यायचा. गोष्टी सगळ्या तेव्हाच्या. खालून आवाज यायचे आणि वर तो घडव्याचं सांगायचा, आवाज जितके मोठे तितकी गोष्ट मोठी.

मला बाबा आवडायचा. हे आज लिहायलाही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. तो मला बोटसुद्धा लावत नसे. रत्नागिरीला गेला की माझ्यासाठी खारी बिस्किटं आणायचा आणि ती भावाला देऊ नको म्हणून सांगायचा. मला मांडीवर बसवून माझ्या पाटीवर चिरे काढून दाखवायचा. आयेचा सुजलेला गाल आणि ती खारी बिस्किटं माझ्या डोक्यात एका जागी कधी आलीच नाहीत.

कातळाचं मला फार उशिरा कळलं. आमच्याआधी आयेला एक मुलगा झाला होता, सातव्या महिन्यात, मेलेलाच. तो तसा का झाला हे गावातल्या बायकांना ठाऊक होतं आणि भावानं ते विहिरीवर ऐकलं होतं. मला त्यानं ते तसं सांगितलं नाही. त्यानं मला कातळ सांगितला.

आता कौलाचं. आमच्याकडे कुठलीही अडलेली गोष्ट देवाला विचारतात. देवळात गुरव पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, जमलेले लोक "व्हय महाराजा" म्हणतात आणि मग सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, जमिनी, विहिरी, सगळं त्यावर ठरतं. घडव्या देव होता तर त्यालाही कौल हवाच. खाणीतला एक टाकून दिलेला चिरा आम्ही ढकलत ढकलत करवंदीच्या जाळीआड नेऊन उभा केला. भाऊ गाऱ्हाणं घालायचा, मी पाकळ्या लावायची. तगरीच्या.

आणि मी त्यात लबाडी करायची. जांभा पाणी पिऊन टाकतो, त्यामुळे पाण्यानं लावलेली पाकळी लवकर सुटते. थुंकी लावली तर बराच वेळ चिकटून राहते. हा शोध माझा. उद्या शाळेला दांडी मारायची का, कैऱ्या चोरायच्या का, हे सगळं घडव्यानं माझ्या मनासारखं सांगितलं. भाऊ तोंड पाडून म्हणायचा, "ह्यो देव तुझ्याच बाजूनं कसा गो?" मी म्हणायची, लाडकी आहे मी त्याची.

त्या वर्षी चैत्रात एका दुपारी मी गुरांमागे एकटीच होते. भाऊ शाळेत होता. आये सड्यावर आली. ती कधी वर येत नसे. पदर तोंडावर धरला होता, कारण खालचा ओठ फाटलेला होता. हातात तांब्या आणि मुठीत तगरीची फुलं.

"बाय, तुमचा तो सड्यावरचा देव कौल देतो काय गो?"

मला हसूच आलं. पण तिचा चेहरा बघून मी मान हलवली.

मामाचा निरोप आला होता. राजापूरकडे आयेचं माहेर, तिथं तो एकटाच असायचा. तू ये, मुलीला घेऊन ये, असं त्यानं कळवलं होतं. मुलाचं नाव काढू नको, तो बापाचा, त्यावरून कोर्टकचेरी होईल. हे सगळं तिनं मला उभ्या उभ्या सांगितलं. आजवर ती माझ्याशी इतकं एका दमात कधी बोलली नव्हती.

"आन् गुरवाला इचारूक जावं तर सगला गाव ऐकील," ती म्हणाली. "गुरव तुझ्या बापसाचाच भाव लागतो. तू इचार. जाव की ऱ्हाव, येवढांच इचार. ह्यो मला मारून टाकील बाय, आता मला वाटता तसां."

ती असं म्हणाली. मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं, आणि तरी माझ्या डोक्यात काय आलं? की भाऊ इथं राहणार. की मामाच्या गावात मला कोण ओळखतंय. की बाबा संध्याकाळी येईल आणि मी नसेन. आणि सगळ्यांत वर हे, की मारून कसा टाकेल, मी आहे ना. झर आहे ना.

मी पाकळ्या लावल्या. डावी पाण्यानं लावली. उजवीला आयेची पाठ वळली तेव्हा थुंकी लावली.

गाऱ्हाणंही मीच घातलं. "बा देवा घडव्या, ह्या बाईनं माहेरी जावां असां तुझ्या मनात असेल तर उजवा दे. ऱ्हावां असां असेल तर डावा दे." आणि म्हणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून आयेनंच हात जोडून, फाटक्या ओठानं म्हटलं, "व्हय महाराजा."

डावी पाकळी पडली. उजवी उन्हात वाळून मुरडली तरी हलली नाही. आये म्हणाली, "बरां." तांब्या उचलून खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं मामाला उलट निरोप पाठवला, येत नाय म्हणून.

पाचव्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आला. सकाळपासून चार चिरे फुटले होते, आणि टिकावाचा दांडाही निसटला होता, तो बसवायला म्हणून हातात घेऊन आला होता. आयेनं पेज वाढली. ती गरम होती की गार होती हे आता कोण सांगणार. ताट भिंतीवर गेलं. मग दांडा.

पहिला घाव तिनं हातावर घेतला आणि दोन बोटं मोडली. तो आवाज सुकी काटकी मोडल्यासारखा असतो हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा कानावर, आणि त्याबरोबर ती खाली बसली आणि कानातून रक्त गळ्यावर आलं. ती ओरडत नव्हती. ओरडत तोच होता. भाऊ गोठ्यात होता, या खेपेला मला हाताला धरून नेणारं कुणी नव्हतं. मी उठले. भीती अजिबात वाटली नाही, हे शपथेवर सांगते. मी तांब्या घेतला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं आणि म्हणाले, "पुरे."

त्यानं आधी आपल्या ओल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हात खाली येणार.

त्यानं मला लाथ मारली. मी जात्यावर जाऊन आपटले आणि समोरचा दात तुटून जिभेवर आला. बाबाचं मला लागलेलं ते पहिलं बोट, आणि तेही पायाचं. तो परत आयेकडे वळला. माझ्याकडे त्यानं पुन्हा बघितलंही नाही. लाथेपेक्षा मला तेच जास्त लागलं.

भाऊ दारात उभा होता. दाराशी टेकवलेली पहार त्यानं दोन्ही हातांनी उचलली. कुठं मारायचं ते त्याचं ठरलेलंच असावं, कारण तो जराही घुटमळला नाही. त्यानं गुडघ्यावर मारली. बाबा पडला. त्यानं पुन्हा त्याच गुडघ्यावर मारली. तिसऱ्यांदा पहार वर गेली ती डोक्याच्या रोखानं, आणि तेव्हा आये सरपटत येऊन बाबाच्या अंगावर पडली.

"मरेल रे तो! फाशी जाशील!"

पहार खाली पडली. भावाचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. तो रडत नव्हता, त्याला हसू आल्यासारखं दिसत होतं आणि त्याचे दात वाजत होते. तो तसाच अंगणातून उतरला आणि फाट्याकडे चालू लागला. त्यानं मागं बघितलं नाही. त्या संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला गेला आणि एका खानावळीत भांडी घासायला राहिला.

रत्नागिरीच्या दवाखान्यात बाबानं सांगितलं, चिरा गुडघ्यावर पडला. आयेनं सांगितलं, मी विहिरीवर पडले. माझ्या दाताचं कुणी विचारलं तेव्हा मीही पडलेच होते. आमच्या घरात त्या दिवशी सगळेच पडले होते.

आयेचा डावा कान कायमचा गेला. ती दोन बोटं वाकडीच बसली. बाबाचा गुडघा पुन्हा वळला नाही, खाणीतलं काम गेलं आणि तो ओटीवर बसून आल्यागेल्याला शिव्या द्यायला लागला. मार थांबला असं समजू नका. पाठलाग करून मारणं तेवढं थांबलं. हाताला लागेल ते तो फेकायचा, आणि डाव्या बाजूनं आलेलं आयेला ऐकू येत नसे.

माझ्या जिवाला खरा घोर लागला तो आयेच्या भक्तीचा. ती दर मंगळवारी सड्यावर जाऊन त्या चिऱ्याला तेल घालायला लागली. मला वाटलं होतं, ती त्या देवाला शिव्या देईल. तिचं म्हणणं उलट होतं. "मी गेलेली असते तर पोरानं बापसाला जिवानिशी मारलेलान असता. आडवी पडायला मी व्हती. म्हनून देवानं मला ऱ्हा सांगितलान." कान गेला, बोटं गेली, पण त्याला काहीतरी अर्थ होता अशी तिची पक्की समजूत होती. तो अर्थ माझ्या थुंकीचा होता. सांगू कशी? दर मंगळवारी मी ठरवायची आणि दर मंगळवारी माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

हळूहळू वाडीतल्या इतर बायकाही यायला लागल्या. गुरवाकडे जे विचारता येत नाही ते बायकांकडे पुष्कळ असतं. कुणीतरी चिऱ्याला शेंदूर लावला. घडव्या हे नाव कुणाला माहीत नव्हतं, नुसतं "सड्यावरचा" म्हणायच्या. आणि कौल लावायला मला बोलवायच्या, मुलीच्या हाताला गुण आहे म्हणून. मी काहीतरी कारण काढून पळायची.

चार वर्षांनी भाऊ एकदा आला, दोन दिवसांसाठी. चिऱ्यावरचा शेंदूर बघून तो पोट धरून हसला. मग मी त्याला त्या दुपारचं विचारलं, झरेनं पाणी ओतलं की हात खाली येतो असं तूच सांगितलं होतंस ना? त्याचं हसू मावळलं. "तू रडायचीस," तो म्हणाला. "म्हनून घातला होता तेवढा तुकडा."

मी सतरा वर्षांची असताना, एका मंगळवारी सकाळी, आये खालच्या वाडीतल्या एका नव्या सुनेला हाताला धरून सड्यावर घेऊन आली. मी तिथं शेणी वाळत घालत होते, त्यामुळे पळायला वाव नव्हता. सुनेचा एक डोळा मिटलेला होता. मनगटावर विडीचे डाग होते, एकाशेजारी एक, कुणी मोजून लावावेत तसे. ती माझ्याच वयाची असेल. नवरा चिऱ्यांच्या ट्रकवर होता. माहेर राजापूरच्या वाटेवर.

"हिला इचारून दे," आये म्हणाली. "जाव की ऱ्हाव."

तेच शब्द. मी पाकळ्या घेतल्या. काय करायचं ते माझ्या हातांना माहीत होतं. या खेपेला डावीला थुंकी. गाऱ्हाणं घातलं. दोघींनी "व्हय महाराजा" म्हटलं. उजवी पाकळी आम्ही नीट बसायच्या आतच पडली.

"जा," मी म्हणाले. सून हुंदके देऊन रडायला लागली.

आये चिऱ्यासमोर वाकून, ज्या कानानं ऐकू येत होतं तो पुढं करून उभी होती. मग तिनं माझ्याकडे तोंड केलं.

"मग मला का नाय सांगितलान?" तिनं विचारलं. "माझां काय कमी होतां? मलाही मारीतच होता ना तो?"

मी म्हणाले, "आये, त्यानं तुला काहीच सांगितलं नव्हतं. उजव्या पाकळीला मी थुंकी लावली होती. मला जायचं नव्हतं."

तिला पहिल्यांदा ऐकू आलं नसावं. मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

तिनं मला थोबाडीत मारली. आयुष्यात तिनं माझ्यावर उगारलेला तो पहिला हात. मग दुसरी मारली, मग मोजदाद राहिली नाही. तोंडावर, डोक्यावर, पाठीवर, त्या वाकड्या बोटांच्या हातानं, आणि ती ओरडत होती, बाबा ओरडायचा तशीच. मी हात आडवा धरला नाही. मला बरं वाटत होतं, हेही खरंच आहे.

ती थांबली ती माझ्यामुळे नाही. बाजूला ती सून जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून. तिला कुणी हात लावलेला नव्हता. नुसता आवाज ऐकून ती तशी बसली होती.

आयेनं तिच्याकडे बघितलं. आपल्या हाताकडे बघितलं. मग तिनं पदरानं माझ्या ओठाचं रक्त पुसलं, सुनेला काखेत हात घालून उभं केलं आणि मला विचारलं, "राजापूरची गाडी फाट्यावर किती वाजता येते गो?"

"अकराला."

"चला."

"घरी जाऊन तुझी दोन लुगडी तरी घेऊन येते," मी म्हणाले.

"नको," ती म्हणाली. "गाडी चुकेल."